प्रिंटर, राउटर आणि सातबारा

मंडळी, सातबारा म्हटलं की शहरात वाढलेल्या आपल्यासारख्यांना गावची जमीन, तलाठी ऑफिस आणि भाऊबंदकीतली भांडणं एवढंच आठवतं. पण त्या उताऱ्यावर 'इतर अधिकार' नावाचा एक रकाना असतो, तो कधी बघितलाय? जमीन ज्याची आहे त्याचं नाव वेगळ्या जागी असतं. या रकान्यात असतं ते म्हणजे त्याच जमिनीवर बाकी कोणाचा काय हक्क आहे ते. कुळाचा हक्क, बँकेचा बोजा, विहिरीतला वाटा वगैरे. आणि गंमत म्हणजे जमीन विकली म्हणून ही नोंद आपोआप पुसली जात नाही. नवा मालक जमीन घेतो ती या नोंदीसकट!

आता तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअरवाल्याला शनिवारी सकाळी शेतजमिनीचं काय सुचलं? सांगतो. मुक्त सॉफ्टवेअर, ओपन सोर्स, लिनक्स वगैरे शब्द आपण सगळेच ऐकतो आणि बहुतेकांच्या डोक्यात त्याचा अर्थ 'फुकट मिळतं ते' असा पक्का बसलेला असतो. मला वाटतं या सगळ्या प्रकाराचा खरा इतिहास हा पैशांचा नाहीच, तो या 'इतर अधिकार' रकान्याचा इतिहास आहे. आपण पैसे मोजून आणलेल्या यंत्रावर आपला नक्की काय हक्क, आणि तो कुठे लिहून ठेवलाय?

हे सांगायला मी दोन यंत्रं निवडली आहेत. एक आहे १९८० च्या आसपासचा प्रिंटर आणि दुसरा २००३ सालचा वायफाय राउटर. दोन्ही ठिकाणी मागणी एकच झाली : यात चालणाऱ्या प्रोग्रामचा सोर्स कोड आम्हाला द्या. पहिल्या वेळी सरळ 'नाही' म्हणून उत्तर आलं आणि पुढे काहीही करता आलं नाही. दुसऱ्या वेळी समोर एक जगातली बलाढ्य कंपनी होती, आणि तिला कोड द्यावाच लागला. मधल्या वीस-बावीस वर्षांत असं काय झालं? आजचा लेख तेवढ्यापुरताच.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी एक गोष्ट. सोर्स कोड म्हणजे माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला मूळ प्रोग्राम. त्याचं यंत्रासाठी रूपांतर केलं की उरतात नुसते आकडे. आकडे हातात असले तर प्रोग्राम चालतो, पण तो समजून घेणं आणि बदलणं महाकठीण. चकली खाऊन भाजणीचं प्रमाण ओळखायला सांगितल्यासारखं.

आज विचित्र वाटेल, पण संगणकांच्या पहिल्या दीड-दोन दशकांत सॉफ्टवेअर ही वेगळी विकायची वस्तूच नव्हती. यंत्रच प्रचंड महाग. त्याच्याबरोबर प्रोग्राम यायचे आणि बरेचदा सोर्सही यायचा. गिऱ्हाईक स्वतः त्यात दुरुस्त्या करायचं, त्या दुरुस्त्या एकमेकांना द्यायचं. जून १९६९ मध्ये आयबीएमने जाहीर केलं की यापुढे सॉफ्टवेअरचे पैसे वेगळे लावणार (अमेरिकन सरकारचा मक्तेदारीविरोधी खटला तेव्हा डोक्यावर होता). मग १९८३ मध्ये त्याच कंपनीने पुढचं पाऊल टाकलं. नव्या प्रोग्रामचा सोर्स मिळणार नाही, फक्त यंत्राला कळणारे आकडे मिळतील. एकट्या आयबीएमला दोष द्यायचं कारण नाही, सगळा धंदाच त्या दिशेने चालला होता.

या बदलाचा फटका बसलेली एक जागा म्हणजे अमेरिकेतल्या केंब्रिज गावातली एमआयटीची आर्टिफिशियल इंटेलिजन्स लॅब. (हो, तेव्हाही एआय होतं!) तिथे रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर काम करायचा. तिथल्या मंडळींनी आपल्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीमसुद्धा स्वतःच लिहिलेली होती. काही खटकलं की उघडायचं आणि बदलायचं, अशी तिथली रीत.

लॅबमध्ये एक जुना प्रिंटर होता. प्रिंटर दुसऱ्या मजल्यावर, माणसं दुसरीकडे, आणि मधेच कागद अडकला की सगळ्यांचं काम ठप्प. कागद अडकणं तर थांबवता येत नव्हतं, तेव्हा स्टॉलमनने त्याच्या प्रोग्राममध्ये एक साधी सोय घातली. प्रिंटर अडला की ज्यांची ज्यांची कामं रांगेत आहेत त्या सगळ्यांच्या स्क्रीनवर निरोप जायचा. दहा जण वाट बघत असतील तर त्यातला एक तरी उठून जातोच. समस्या यंत्राची, उपाय माणसांचा. मला स्वतःला ही कल्पना भयंकर आवडते.

मग झेरॉक्स कंपनीने लॅबला नवा कोरा लेझर प्रिंटर भेट दिला. (आपल्याकडे झेरॉक्स म्हणजे कॉलेजच्या कोपऱ्यावरचं दुकान, पण ही खरी झेरॉक्स!) यंत्र वेगवान, छपाई सुंदर, पण कागद यातही अडकायचा. स्टॉलमनने जुनीच सोय इथेही घालायचं ठरवलं आणि लक्षात आलं की यावेळी सोर्स आलेलाच नाही. नुसते आकडे. पुढे त्याला कळलं की कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका माणसाकडे तो सोर्स आहे. तिकडे गेला असताना त्याने जाऊन मागितला. त्या माणसाने नकार दिला, कारण त्याने कोड कोणालाही न देण्याच्या करारावर सही केली होती.

झालं. गोष्ट एवढीच. कोणी कोणाला फसवलं नाही, कोणी कायदा मोडला नाही. सही करणारा माणूस दुष्टही नव्हता, आज आपण सगळेच नोकरीच्या पहिल्या दिवशी तसल्या कागदांवर न वाचता सह्या करतो. पण परिणाम बघा. यंत्र लॅबच्या जागेत, वीज लॅबची, कागद लॅबचा, ते दुरुस्त करू शकणारी माणसं त्याच इमारतीत बसलेली... आणि तरी हात बांधलेले. अडचण अकलेची नव्हती, परवानगीची होती. माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच, म्हणून जरा रेंगाळलो.

पुढच्या काही वर्षांत लॅबही विस्कटली. तिथली बरीच माणसं सिम्बॉलिक्ससारख्या नव्या कंपन्यांत गेली आणि जो कोड पूर्वी सगळ्यांचा होता तो कंपन्यांचा झाला. शेवटी २७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमनने जाहीर केलं की तो एक संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम लिहिणार आहे. युनिक्ससारखी, पण वाटायला आणि बदलायला मोकळी. नाव ग्नू. जानेवारी १९८४ मध्ये त्याने एमआयटीची नोकरी सोडली, म्हणजे उद्या विद्यापीठाने त्या कोडवर हक्क सांगायला नको. ऑक्टोबर १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झालं.

इथे तो 'फ्री' शब्द येतो, ज्याने इंग्रजीत आजतागायत घोळ घातलाय. आपल्याकडे तो प्रश्नच नाही. फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं, मराठीत दोन सरळ शब्द आहेत. स्टॉलमन स्वतः ग्नू ईमॅक्स या आपल्या एडिटरच्या टेप १५० डॉलरला विकत होता. विकायला बंदी नव्हतीच. विकत घेणाऱ्याचे हात बांधायला बंदी होती.

पण इथे एक पेच होता. समजा मी प्रोग्राम लिहिला आणि 'घ्या, काय हवं ते करा' म्हणून सोडून दिला. उद्या एखादी कंपनी तो घेणार, त्यात चार सुधारणा करणार, सोर्स कुलपात ठेवणार आणि तुम्हाला पुन्हा नुसते आकडे विकणार. म्हणजे माझाच प्रोग्राम, आणि पुन्हा प्रिंटरची गत! नुसतं औदार्य इथे पुरत नाही.

त्यावर काढलेला तोडगा मला कायद्याच्या इतिहासातल्या सुंदर युक्त्यांपैकी एक वाटतो. स्टॉलमनने कॉपीराइट सोडला नाही, उलट घट्ट धरून ठेवला. कॉपीराइट म्हणजे काय, तर माझ्या परवानगीशिवाय तुम्ही याची प्रत काढून वाटू शकत नाही. ठीक आहे, मग परवानगी देतो, पण एका अटीवर. तुम्ही हा प्रोग्राम, बदलून किंवा न बदलता, दुसऱ्या कोणाला दिलात तर त्यालाही सोर्स द्यायचा आणि हेच सगळे हक्क द्यायचे. अट मान्य नसेल तर परवानगी नाही, आणि परवानगी नसताना वाटलंत तर तो सरळ कॉपीराइटचा भंग. ज्या कुलपाने लोकांना बाहेर ठेवलं होतं तेच कुलूप आता दार उघडं ठेवायला वापरलं!

हाच तो जीपीएल परवाना. पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९८९, दुसरी जून १९९१. आणि हाच आपला 'इतर अधिकार' रकाना. मालकी लेखकाचीच राहते. पण वापरणाऱ्याचा हक्क उताऱ्यावर चढतो, आणि प्रोग्राम कितीही हात बदलो, तो हक्क बरोबर जातो.

हा नुसता कागदी वाघ नाही हे लवकरच दिसलं. स्टीव्ह जॉब्जच्या नेक्स्ट कंपनीला ऑब्जेक्टिव्ह सी या भाषेसाठी कंपायलर हवा होता. त्यांनी ग्नूचा जीसीसी कंपायलर (१९८७ पासून उपलब्ध) घेऊन त्यावर आपला भाग चढवला. आपला भाग बंद ठेवायची त्यांची इच्छा होती. फाउंडेशनने सांगितलं की परवान्यात हे बसत नाही. अखेर तो भागही खुला झाला आणि सगळ्यांना मिळाला.

इकडे ग्नूचं जवळजवळ सगळं सामान तयार होत आलं, राहिला होता तो कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि बाकीचे प्रोग्राम यांच्या मधला गाभा. तो आला भलत्याच दिशेने. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं की तो हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय. सुरुवातीला लिनक्सचा परवाना वेगळा होता, पैसे घेऊन वाटायला त्यात मनाई होती. १९९२ मध्ये लिनसने तो बदलून जीपीएल केला. त्या एका निर्णयाने पैसे कमवायची वाट मोकळी झाली आणि कुलूप लावायची वाट बंद. रेड हॅटसारख्या कंपन्या उभ्या राहिल्या त्या याच पायावर. १९९८ मध्ये 'ओपन सोर्स' हा शब्द रूढ झाला, तोही बराचसा कंपन्यांना 'फ्री' शब्दाची धास्ती वाटू नये म्हणून. असो. त्या दोन तंबूंमधल्या वादावर वेगळा लेख होईल.

आता दुसरं यंत्र.

डिसेंबर २००२ मध्ये लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी ५४ जी हा राउटर बाजारात आला. निळा-काळा डबा, मागे दोन अँटेना. तुमच्यापैकी काहींनी जुन्या ऑफिसात नक्की बघितला असेल. २००३ मध्ये सिस्कोने अख्खी लिंकसिसच सुमारे ५० कोटी डॉलरला विकत घेतली. आणि जून २००३ मध्ये, सौदा नुकताच पुरा होत असताना, अँड्र्यू मिक्लास नावाच्या प्रोग्रामरने लिनक्स कर्नलवर काम करणाऱ्यांसमोर मांडलं की या डब्याच्या आत लिनक्स आहे. कंपनीने वापरलं याबद्दल तक्रार नव्हती, वापरायची मुभा सगळ्यांनाच होती. प्रश्न होता की मग सोर्स कुठाय?

यातली खरी गंमत म्हणजे हा कोड लिंकसिसने स्वतः लिहिलाच नव्हता. चिप ब्रॉडकॉमची, त्यावरच्या सॉफ्टवेअरचं काम तैवानच्या सायबरटॅनकडे, त्यावर शिक्का लिंकसिसचा आणि शेवटी मालक सिस्को. चार हात फिरून माल आला आणि अट कोणी वाचलीच नाही! आपल्याकडे फ्लॅट घेताना जमिनीचा उतारा न बघता टोकन देणारे असतात ना, अगदी तसं. सिस्कोने ५० कोटी डॉलर मोजले आणि नंतर कळलं की जमिनीवर नोंद आहे. नोंद कोणाची? तर दुकानातून तो डबा विकत घेणाऱ्या प्रत्येकाची.

थोड्या टोलवाटोलवीनंतर त्याच वर्षी लिंकसिसने सोर्स प्रसिद्ध केला. स्टॉलमनला प्रिंटरसाठी 'नाही' म्हणणारा माणूस करारामुळे कोड देऊ शकत नव्हता. इथे कंपनी परवान्यामुळे कोड अडवू शकत नव्हती. दोन्हीकडे कागदच, फक्त कागदावरचा मजकूर उलटा.

आणि पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. जानेवारी २००४ मध्ये त्याच कोडवरून ओपनडब्ल्यूआरटी नावाचा प्रकल्प सुरू झाला. डीडी-डब्ल्यूआरटी आणि टोमॅटो ही भावंडंही आली. घरगुती राउटरमध्ये लोकांनी महागड्या यंत्रांत मिळणाऱ्या सोयी घातल्या : व्हीपीएन, नीट फायरवॉल, एकाने डाउनलोड लावलं तरी दुसऱ्याचा फोन तुटू नये म्हणून वाहतुकीची वाटणी. बर्लिनमध्ये फ्रायफुंक नावाच्या गटाने असेच राउटर गच्च्यांवर आणि खिडक्यांत लावून घराघरांना जोडणारं स्वतःचं जाळं विणलं. हे सगळं त्या डब्याच्या खोक्यावर कुठेही छापलेलं नव्हतं.

कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे. २००५ च्या शेवटी डब्ल्यूआरटी ५४ जीची पाचवी आवृत्ती आली, त्यात लिनक्स काढून दुसरी बंद सिस्टीम घातली. तेवढ्याने मेमरी निम्मी पुरली, १६ ऐवजी ८ एमबी रॅम, ४ ऐवजी २ एमबी फ्लॅश. खर्च वाचला. पण लिनक्सवाला जुना डबा मागणारं गिऱ्हाईक इतकं होतं की कंपनीने तो डब्ल्यूआरटी ५४ जीएल या नावाने वेगळा विकायला काढला आणि पुढे वर्षानुवर्षं विकला! म्हणजे ज्या मोकळेपणाला कंपनी नाइलाजाने तयार झाली, त्याच्याच जोरावर माल खपला.

सगळं गोडीगुलाबीने झालं असंही नाही. जर्मनीत हाराल्ड वेल्टे या लिनक्स प्रोग्रामरने साइटकॉम कंपनीच्या राउटरबाबत दावा लावला आणि २००४ मध्ये म्युनिकच्या कोर्टाने जीपीएलच्या अटी बंधनकारक धरल्या. अमेरिकेत सिस्कोच्या इतर लिंकसिस यंत्रांबद्दल तक्रारी येतच राहिल्या, शेवटी डिसेंबर २००८ मध्ये फाउंडेशनने सिस्कोवर दावा ठोकला. मे २००९ मध्ये तडजोड झाली. लिंकसिसमध्ये परवान्यांचं पालन होतंय की नाही हे बघायला स्वतंत्र माणूस नेमायचं सिस्कोने मान्य केलं.

एक भाग मात्र मिळाला नाही. वायफाय चिपचा ड्रायव्हर ब्रॉडकॉमने नुसत्या आकड्यांच्या रूपातच ठेवला. त्यामुळे ती चिप असलेले राउटर कितीतरी वर्षं जुन्या २.४ कर्नलला बांधलेले राहिले. तो ड्रायव्हर त्याच कर्नलसाठी बनवलेला, मग तुम्ही पुढे जाणार कसे? अखेर काही प्रोग्रामरांनी चिपचं वागणं बाहेरून तपासून नवा ड्रायव्हर लिहिला, तो २००६ मध्ये लिनक्समध्ये आला. चकलीवरून भाजणी ओळखण्याचाच हा प्रकार. जमतं, पण वर्षं जातात. घरात एक खोली जरी दुसऱ्याच्या किल्लीने उघडत असली तर बाकीच्या घराची डागडुजीसुद्धा त्याच्या सोयीने करावी लागते, हे यातून दिसतं.

इथपर्यंत वाचून कोणीतरी नक्की म्हणेल, "अरे पण सोर्स वाचतं कोण? मी तर आयुष्यात वाचणार नाही." बरोबर आहे. मी या धंद्यात असून माझ्या लॅपटॉपवरच्या कोडचा एक टक्काही वाचलेला नाही. पण माहिती अधिकाराचा कायदा २००५ मध्ये आला, त्याखाली तुम्ही किती अर्ज केलेत? बहुतेकांनी एकही नाही. तरी त्याचा उपयोग आपल्याला होतो, कारण कोणीतरी करतो, आणि कोणीतरी करू शकतो हे समोरच्याला माहीत असतं. राउटरचंही तेच. कोड वाचणारे शे-दोनशे असतील, पण त्यांनी केलेल्या दुरुस्त्या लाखो घरांत चालतात.

अर्थात उघडं म्हणजे आपोआप सुरक्षित, असं समजू नका. ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही चूक दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि एप्रिल २०१४ पर्यंत जाहीर झाली नाही. उलट मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या प्रोग्राममध्ये कोणीतरी मुद्दाम घुसवलेलं चोरदार सापडलं ते कशावरून? आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं आणि तो खणत गेला. खणायला जमीन मोकळी होती म्हणून सापडलं. हक्क असणं आणि तो कोणीतरी बजावणं, दोन्ही लागतं.

मग आज आपण कुठे आहोत? खरं सांगायचं तर रकाना आहे, पण त्याला वळसा घालायच्या वाटाही निघाल्या आहेत. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे. कर्नलचा सोर्स कंपनीला द्यावा लागतो. पण कित्येक फोन असे कुलूपबंद असतात की तुम्ही तो सोर्स बदललात तरी फोन त्याला चालूच देत नाही. टिव्हो या अमेरिकन रेकॉर्डरने ही युक्ती आधी गाजवली होती. ती बंद करायला २९ जून २००७ रोजी जीपीएलची तिसरी आवृत्ती आली, पण लिनसला ती पटली नाही आणि लिनक्स दुसऱ्याच आवृत्तीवर राहिलं. २०१५ च्या सुमारास अमेरिकेत रेडिओ लहरींच्या नियमांचा अर्थ लावून टीपी-लिंकने आपले राउटर बंद केले होते, २०१६ मध्ये तिथल्या नियामकाशी झालेल्या तडजोडीत त्या कंपनीला बाहेरच्या सॉफ्टवेअरला वाव द्यायचं कबूल करावं लागलं. आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी या संस्थेने टीव्ही बनवणाऱ्या व्हिझिओवर कॅलिफोर्नियात दावा लावला, तोही लेखक म्हणून नाही तर टीव्ही विकत घेणारं गिऱ्हाईक म्हणून! मुद्दा असा की रकान्यात नाव आमचं आहे, तर हक्क मागायला मूळ लेखकाला कशाला बोलवायचं? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो.

क्लाऊडचं दुखणं वेगळंच. प्रोग्राम त्यांच्या यंत्रावर चालतो, तुमच्या हातात काही दिलंच जात नाही, त्यामुळे साध्या जीपीएलची अट लागूच होत नाही. त्यासाठी एजीपीएल हा वेगळा परवाना २००७ मध्येच आला, पण मोठ्या कंपन्या त्याच्यापासून चार हात लांब राहतात. यावरूनच त्याची ताकद कळावी.

राउटरच मी का निवडला, तर घरातलं हे एकमेव यंत्र बाकी सगळ्यांचं ऐकत असतं. तुमचा फोन, लॅपटॉप, बायको-मुलांचे टॅब, टीव्ही, सगळ्यांची वाहतूक त्याच्यातून जाते. आणि आपण त्याला कपाटावर ठेवून विसरतो. कंपनी दोन-तीन वर्षांनी त्याचे अपडेट थांबवते, डबा मात्र आठ-दहा वर्षं चालतो. मधली वर्षं तो भोकं पडलेल्या अवस्थेत तुमच्या घराच्या दारात उभा असतो. सोर्स उपलब्ध असेल तर कंपनीने सोडलेलं काम दुसरं कोणीतरी पुढे नेऊ शकतं. एवढाच फरक, पण रोजच्या जगण्यातला.

तेव्हा पुढच्या वेळी राउटर घ्यायची वेळ आली (किंवा इंटरनेटवाल्याने दिलेल्या डब्यामागे स्वतःचा लावायचा असेल) तर किमतीच्या आधी एक गोष्ट बघा : ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत तो मॉडेल नंबर आहे का, आणि हार्डवेअरची आवृत्तीही तीच आहे का. एकाच नावाखाली आत वेगळी चिप असते, डब्ल्यूआरटी ५४ जीची पाचवी आवृत्ती आठवा. फ्लॅश आणि रॅम किती तेही बघा, आजची ओपनडब्ल्यूआरटी त्या जुन्या ४ एमबीच्या डब्यात मावत नाही. पहिल्यांदा करणार असाल तर घरातला एकमेव राउटर घेऊ नका, जुना अडगळीतला घ्या, कारण मधेच वीज गेली तर डब्याची वीट होऊ शकते. आणि यातलं काहीच करायचं नसेल तर नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी वन नावाचा राउटर आलाय, तो मुळातच मोकळा बनवलेला आहे.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी एका माणसाला फक्त कागद अडकल्याचा निरोप पाठवायचा होता. त्याला नाही म्हणणाऱ्या कागदाला उत्तर म्हणून त्याने दुसरा कागद लिहिला, आणि त्यावर तुमचं-माझं नाव चढवून ठेवलं. नोंद झालेली आहे. आता उतारा काढून बघायचा की नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं.